अभय आधी का? बहिणाबाईंचं आयुष्य आठवताना

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १



गेले नऊ दिवस इथं चिंतन आलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत बरी आहे. मन बरं नव्हतं. आज लिहितेय ते त्या नऊ दिवसांबद्दलच आहे, पण माझ्याबद्दल कमी आणि बहिणाबाईंबद्दल जास्त.

सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत दैवी संपत्ती मोजून दाखवतात. तीन श्लोकांत सव्वीस गुण येतात. त्यात दान आहे, स्वाध्याय आहे, तप आहे. अहिंसा आणि सत्य तर दुसऱ्या श्लोकात आहेत. आणि या सगळ्यांच्या आधी, अगदी पहिला शब्द आहे अभय. मला कित्येक वर्षं हा क्रम समजायचा नाही. सत्याच्या आधी अभय कशाला? भीती काय, सगळ्यांनाच वाटते. तो काही मोठा दोष नाही, असं मी स्वतःची समजूत घालायचे. आता कळतंय की माणूस खोटं बोलतो तेही बहुतेक वेळा भीतीपोटी. निदान मी तरी तसंच बोलले.

झालं असं की, माझ्या बदलीचा कागद आला. सत्तावीस वर्षं मी जळगावातच नोकरी केली. एकच रस्ता, तेच टेबल, दुपारी डबा खायला त्याच चौघीजणी. आता धुळे. त्यातच कामाची सगळी पद्धत बदलून नवीन संगणकप्रणाली आलेली. घरी सासूबाई, वय त्र्याऐंशी, एका गुडघ्याने अधू. मुलगा पुण्याला. तो कागद मी घरी आणला आणि देव्हाऱ्यात, ज्ञानेश्वरीच्या पोथीखाली ठेवून दिला. तीन दिवस कोणालाच सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलं, एवढी गप्प का गं? मी म्हटलं, डोकं दुखतंय. रोज अभयाची पारायणं करणारी बाई, आणि पोथीखाली काय, तर भीतीचा कागद! लिहितानाही लाज वाटते.

पहिल्या अध्यायात अर्जुनाचं अंग थरथरतं, तोंडाला कोरड पडते, हातातलं धनुष्य सुटायला लागतं. मला वाटायचं, एवढा मोठा योद्धा आणि असा कसा गळाला? त्या तीन रात्रींत मला अर्जुन जवळचा वाटला. त्यालासुद्धा समोर उभे होते ते घरचेच लोक. आपल्याला परक्या संकटापेक्षा घरची घडी मोडण्याचीच भीती जास्त वाटते, नाही का?

चौथ्या दिवशी रविवार होता. सासूबाईंचं माहेर असोद्याचं. जळगावपासून जवळच. भाच्याकडे कार्यक्रम होता म्हणून त्यांना घेऊन गेले. असोदं म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, हे आमच्या खानदेशात लहान पोरालाही ठाऊक असतं. मीही ते हजार वेळा ऐकलंय. शाळेत त्यांच्या कविता पाठ केल्यात, मुलालाही शिकवल्यात. पण त्या दिवशी परत येताना रिक्षात सासूबाई आपल्या मनाशीच त्यांची गाणी गुणगुणत होत्या, आणि माझ्या मनात पहिल्यांदाच आलं की ही बाई किती वेळा मुळापासून उपटली गेली असेल! घरी आल्यावर त्यांच्याबद्दल जे जे हाताशी होतं ते पुन्हा वाचत बसले. तेच आज तुम्हाला सांगते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा.  असोद्याच्या महाजनांच्या घरी. वडील उखाजी, आई भिमाई. घर शेतकऱ्याचं, भरलेलं, भावाबहिणींचं. त्यांच्या गाण्यांत माहेर येतं तेव्हा ते नुसतं आठवण म्हणून येत नाही. माहेराची वाट येते, त्या वाटेवरचे दगडधोंडे येतात, पायाला लागलेली ठेच येते. माहेराला निघालेल्या बाईला ठेचसुद्धा कशी गोड लागते, हे ज्या बाईने माहेर सोडलंय तिलाच सांगता येतं.

तेराव्या वर्षी लग्न झालं. जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींशी. आज आपण तेरा वर्षांच्या मुलीला एकटीला बसमध्ये बसवत नाही. त्या काळी तेरा वर्षांची मुलगी घर बदलायची, नाव बदलायची, चूल बदलायची. असोदं ते जळगाव हे अंतर किती? आज रिक्षाने लगेच पोचतो. पण परकर सोडून लुगडं नेसलेल्या मुलीला ते अंतर कोसांत मोजता येत नसणार. बदल किती लांबचा आहे त्यावर भीती ठरत नाही, काय सुटतंय त्यावर ठरते. मला लोक म्हणत होते, धुळं म्हणजे काय परदेश आहे का! त्यांचं बरोबरच होतं. तरी माझी झोप उडाली होती.

सासर मोठं होतं, शेतीवाडीचं. बहिणाबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दळताना, कांडताना, निंदताना, पेरताना त्यांच्या तोंडून ओव्या निघायच्या, आपल्या लेवा बोलीत. जात्याला त्या घरोट म्हणतात. घरोट फिरतंय आणि पिठाबरोबर गाणं बाहेर पडतंय, असं ते. आपल्याला कोणी शिकवलं नाही, आपली सरस्वतीच आपल्याला शिकवते, असंच त्या मानत. काम बाजूला ठेवून केलेली कविता ती नव्हे. कामाच्या आतूनच आलेली आहे. म्हणून तिच्यात धुरकट चूल आहे, मोट आहे, कपाशी आहे, सुगरणीचं घरटं आहे, पेरलेलं दाणं मातीच्या पोटात कसं झोपतं आणि कसं वर येतं, ते आहे.

आता आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहा. त्यांच्या जन्माआधीच जळगावात आगगाडी आली होती. कापसाचा व्यापार वाढत होता, जिनिंग प्रेसिंगचे कारखाने येत होते, गाव बाजारपेठेचं शहर व्हायला लागलं होतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो गावोगाव पसरला. लोक घरंदारं सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचे. १९०६ साली सरकारने अख्ख्या खानदेश जिल्ह्याचेच दोन तुकडे केले. तोवर जिल्ह्याचा कारभार धुळ्याहून चालायचा. पूर्व खानदेश जळगावला आला, पश्चिम खानदेश धुळ्याला राहिला. त्यातून पुढे १९९८ ला नंदुरबारही वेगळं झालं. म्हणजे आमच्या या मुलखाला तुटण्याची, नव्याने जोडलं जाण्याची सवयच आहे म्हणायची.

आणि मग १९१० च्या सुमाराला, वयाच्या तिसाव्या वर्षी, नथूजी गेले.

इथे मला थोडं थांबायचंय. आपण मोठ्या माणसांची चरित्रं वाचतो तेव्हा हे वाक्य भरकन ओलांडून पुढे जातो. तिसाव्या वर्षी वैधव्य आले, पुढचे वाक्य. पण तिसाव्या वर्षी, त्या काळात, कुंकू पुसलेली बाई म्हणजे काय? घरातली जागा बदलते. सणावाराची जागा बदलते. समोरून येणाऱ्याची नजर बदलते. काल ओटी भरायला बोलावणाऱ्या बायका आज वाट बदलतात. पदरात तीन लेकरं. ओंकार, सोपान आणि काशी. त्यातल्या ओंकारला पुढे प्लेगने गाठलं. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं.

एवढं सगळं एका बाईच्या अंगावर आलं. आणि तिने काय केलं? मला वाटतं, पहिल्यांदा ती रडली. तिच्या गाण्यांत ते रडणं आहे, लपवलेलं नाही. झाड निघून गेल्यावर मागे नुसती सावली उरावी तसं झालं, हे तिने धरणीमातेला विचारलंय. आपल्याच जिवाला समजावत बसलीय. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण अभय म्हणजे डोळे कोरडे ठेवणं, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. तो माझाही होता. कोणी विचारलं की हसून सांगायचं, काही नाही हो, देवाची इच्छा. आणि आत पोटात गोळा. बहिणाबाईंनी असं केलं नाही. देवाच्या घरचाही झरा आटला का, असं तिने देवालाच विचारून टाकलं. देवाशी भांडायलासुद्धा आधी त्याच्यावर विश्वास लागतो.

मग तिने मोजदाद केली. काय गेलं आणि काय राहिलं, याची. बांगड्या फुटल्या, पण मनगटातली ताकद फुटली नाही. कुंकू पुसलं, पण कपाळावरचं गोंदण पुसता आलं नाही. समोर दोन पोरं आहेत, शेत आहे, हात आहेत. हा भाग मी त्या रविवारी रात्री तीन-चारदा वाचला. माझ्याकडे बारा वस्तूंची यादी होती, सगळ्या जाणाऱ्या. राहणाऱ्यांची यादी मी केलीच नव्हती. भीतीचं असंच असतं बघा. ती फक्त एका बाजूची वही लिहिते. जमा-खर्चाचं काम जन्मभर केलं, तरी ही साधी चूक माझ्या लक्षात आली नव्हती.

आणि त्याच गाण्यातला तो ज्योतिषी! दारात ज्योतिषी आलाय, हात बघायला. विधवा बाई, लहान पोरं, पुढे काय होईल ते जाणून घ्यायची इच्छा तिला नसेल का? पण ती त्याला परत पाठवते. माझ्या दारी येऊ नको, माझा हात बघू नको, अशा अर्थाचं सांगते. तिचा तळहात कामाने भेगाळलेला आहे, त्या भेगांत तो कसली रेघ शोधणार? तिचं देवाकडे एकच मागणं, दोन्ही लेकरं सुखी राहू देत. बाकी पंचांगात काय लिहिलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मला वाटतं हेच ते अभय. भीती उद्यात राहते. उद्या काय होईल, परवा काय होईल, आई पडली तर, बस चुकली तर, नवीन साहेब तापट निघाला तर. मीही ज्योतिष्याला दारात बसवलंच होतं की. कोणी बाहेरचा नव्हता तो, माझंच मन होतं. तीन रात्री माझा हात बघत बसला आणि एकही चांगली गोष्ट सांगितली नाही मेल्याने.

मनाबद्दलही बहिणाबाईंनी सांगितलंय. उभ्या पिकात शिरणारं ओढाळ ढोर, कितीही हाकला, पुन्हा पिकात. सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याचं म्हणणं खोडून काढत नाहीत, हे लक्षात घ्या. हो, चंचल आहेच, असं मान्य करतात आणि मग अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतात. शेतकऱ्याच्या भाषेत अभ्यास म्हणजे काय? ढोर पुन्हा शिरलं की पुन्हा हाकलायचं. चिडायचं नाही, पीक सोडून घरी जायचं नाही. एकदा हाकललं की ढोर कायमचं जाईल, असं कोणता शेतकरी मानतो?

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट करायला हवी. बहिणाबाईंच्या वाट्याला आलं ते चांगलंच झालं, त्यामुळेच तर त्या कवयित्री झाल्या, असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. दुःख चांगलं नसतं. त्यांच्यासारख्या हजारो बायका त्याच वयात विधवा झाल्या आणि त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली नाहीत. आणि बहिणाबाई काही मुकाट सोसणाऱ्याही नव्हत्या. माणसाच्या हावरेपणावर त्यांनी चांगले कोरडे ओढलेत. गोठ्यातलं जनावर बरं, पण माणूस माणूस कधी होणार, हे त्यांनी तोंडावर विचारलंय. तेव्हा बदल स्वीकारणं म्हणजे प्रत्येक अन्याय गोड मानून घेणं नव्हे. काय देवाच्या हातचं आणि काय माणसाच्या हातचं, हा भेद त्यांना नीट कळत होता.

आता छापखान्याची गोष्ट. मला ही सगळ्यात आवडते. जळगावात छापखाना आला, तो बहिणाबाईंनी पाहिला. अक्षर-ओळख नसलेली बाई. तिला त्या यंत्राची भीती वाटली नाही, की आपल्याला वाचता येत नाही म्हणून कमीपणाही वाटला नाही. तिने कौतुकाने बघितलं आणि त्यावर गाणं केलं. कोऱ्या कागदाला छापलं की तो शहाणा होतो, आणि माणूस मात्र राहतो तसाच अडाणी, असा चिमटा काढून मोकळी झाली. नवीन वस्तू समोर आली की तिच्यापुढे मान खाली घालायची किंवा तिला शिव्या द्यायच्या, हे दोनच मार्ग मला माहीत होते. कौतुकाने बघायचं आणि आपलं शहाणपण न सोडता तिच्याशी थट्टा करायची, हा तिसरा मार्ग या बाईने दाखवला. ऑफिसातल्या नव्या प्रणालीपुढे मी जी रडकुंडीला येत होते, ती यामुळे थोडी सावरले, खोटं कशाला सांगू?

बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्या एका नातलगाने वेळोवेळी लिहून ठेवली. सोपानदेव स्वतः कवी झाले होते. आईला लिहिता येत नव्हतं, लेकाला येत होतं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई जळगावातच गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ती ऐकून थक्क झाले. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने निघाली.

जरा विचार करा. ज्या छापखान्याकडे बघून त्या बाईने गाणं केलं, त्याच छापखान्याच्या विद्येने तिचं गाणं जगवलं. तो आलाच नसता तर? दळणाबरोबर गाणंही पीठ होऊन गेलं असतं. ज्या बदलाकडे आपण आज संशयाने बघतो, तोच आपलं कोणतं सामान पुढे वाहून नेणार आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? बहिणाबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. आणि आज जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी १९९० ला सुरू झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव प्रत्येक पदवीच्या कागदावर! १९०६ ला तुटलेला खानदेश एका परीने त्यांच्या नावाखाली पुन्हा एक झाला, असं मला वाटतं.

आता धुळ्याकडे येते. कारण मला तिथेच जायचं होतं.

त्या रात्री कागद पोथीखालून काढला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की हे त्यांना दोन दिवसांपासून कळलं होतं. देव्हारा रोज त्याच तर पुसतात! आपली सून आपणहून कधी सांगते, याची वाट बघत होत्या. मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग त्यांनी विचारलं, धुळ्याच्याच तुरुंगात ना गं विनोबांनी गीता सांगितली?

मंडळी, मी रोज गीतेवर लिहिते आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. १९३२ साल. विनोबाजी धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, असे अठरा रविवार त्यांनी अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली. ऐकायला सत्याग्रही कैदी. आणि ती उतरवून घेत होते साने गुरुजी, जे अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत आले होते. त्यातूनच गीता प्रवचने हे पुस्तक झालं. सोळाव्या अध्यायाची पाळी ५ जूनला आली. त्यात विनोबा दैवी गुणांची फौज उभी करतात. फौजेच्या अगदी पुढे अभय आणि अगदी मागे नम्रता. पुढून हल्ला झाला तर अभय सांभाळतं आणि मागून अहंकार शिरू नये म्हणून नम्रता पहारा करते. माझ्या कितीतरी वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर धुळ्यात, तेही तुरुंगात दिलं गेलं होतं! ज्यांच्या अंगावर बेड्यांचं भय होतं त्या लोकांसमोर.

बहिणाबाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत आल्या होत्या, जळगावात. हे दोघे एकमेकांना भेटले का, मला त्याच्याशी काही नाही. एकाच साली, एकाच खानदेशात, एक माणूस तुरुंगात अभयावर बोलत होता आणि नव्वद किलोमीटरवर एक बाई ते शेतात जगत होती, एवढं मला पुरे आहे.

ज्ञानेश्वर माउलींनी याच श्लोकावर मिठाचा दृष्टान्त घेतलाय. पाणी मिठाला बुडवायला जातं, पण मीठ स्वतःच पाणी होऊन जातं, मग बुडणार कोण? दुजेपणा गेला की भय गेलं, असा माउलींचा भाव. मला तेवढं मोठं अद्वैत काही साधलेलं नाही. मी आपला साधा अर्थ घेतला. खडा म्हणून राहायचं ठरवलं तर पाण्याची भीती वाटणारच. पण विरघळल्यावर आकार जातो, खारेपणा जात नाही. बहिणाबाईंचा आकार किती वेळा बदलला! असोद्याची लेक, चौधरींची सून, तीन लेकरांची आई, विधवा, अपंग मुलाची आई, आजी. चव मात्र तीच राहिली.

तर आता मी काय केलं ते सांगते आणि थांबते. पहिलं म्हणजे, सासूबाईंच्या वयाचं आणि गुडघ्याचं कारण लिहून रीतसर अर्ज दिला. मागणं हा काही अभक्तपणा नाही. उत्तर अजून आलेलं नाही. येईल, कदाचित नाहीही येणार. दुसरं म्हणजे, रुजू झाले. सध्या अप-डाऊन करते. पहाटेची बस, एरंडोल, पारोळा, धुळे. पारोळ्यापर्यंत हरिपाठ होतो. जे चिंतन पूर्वी देव्हाऱ्यासमोर व्हायचं ते आता खिडकीशी होतं. शेजारच्या वहिनी दुपारी सासूबाईंकडे डोकावतात. पहिल्याच आठवड्यात एक दिवस बस बंद पडली, घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले. सासूबाई दारातच बसून होत्या. त्या दिवशी परत वाटलं, हे काही आपल्याच्याने होणार नाही. ढोर पुन्हा पिकात. पुन्हा हाकललं.

नव्या ऑफिसात एक मुलगी आहे, माझ्या मुलाच्या वयाची. ती मला ती प्रणाली शिकवते. मी दोनदा तेच विचारलं तरी कंटाळत नाही. पहिल्या दिवशी मला तिच्याकडून शिकायची लाज वाटली. मग नम्रतेचा मागचा पहारा आठवला. परवा माझ्याकडून एक जुनी नोंद शोधायची रीत ती शिकली. तिला ती ठाऊक नव्हती. मीठ पाण्यात गेलं, चव राहिली.

आजचा संकल्प : दोन याद्या करू या. एक, काय सुटतंय त्याची. आणि दुसरी, काय राहतंय त्याची. पहिली आपोआप होते, दुसरी बसून करावी लागते. आणि जी गोष्ट भीतीपोटी घरच्यांपासून लपवलीय ती आज सांगून टाकू या. बहुतेक त्यांना ती माहीतच असते.

प्रार्थना : हे पांडुरंगा, उद्याचा हात बघायची आमची खोड मोडू दे. जे गेलं त्यासाठी रडायला लाज वाटू नये, जे राहिलं ते दिसायला डोळे राहू दे. मागायचं तिथे मागायचं धैर्य दे, सोसायचं तिथे सोबत दे. घरी वाट बघणाऱ्यांना सांभाळ.

उद्याचं वाचन : अध्याय १६, श्लोक २. बसमधून लिहीन, थोडं उशिरा येईल. समजून घ्या.

राम कृष्ण हरी.